माळ कुणी बांधली

विठू होडीचा तांडेल, वाऱ्यालाही शिव्या घालणारा गडी. पण त्या दिवशी पनवेलात, एस्टी स्टँडामागं जोसेफ वकिलांच्या हाफिसात, तो पाय जवळ घेऊन असा बसला होता की जणू खुर्ची उसनी आणलीय. शेजारी त्याची धाकटी बहीण कुमुद. कपाळ मोकळं.

कुमुदचा नवरा आनंदा विठूच्याच होडीवर होता. नारळी पुनवेनंतर होडी दर्यात गेली आणि पहाटे धुक्यातनं मोठं मालाचं जहाज आलं ते सरळ अंगावर. जाळं पाण्यात टाकलेलं, आणि जाळं टाकलेली होडी म्हणजे दावणीला बांधलेला बैल, पळणार कुठं? विठूनं भोंगा वाजवला, बॅटरी हलवली, आईमाईवरनं हाका घातल्या. जहाज काही वळलं नाही. विठूला दुसऱ्या होडीवाल्यांनी काढला. आनंदाचं प्रेत पार रेवसच्या बाजूला किनाऱ्याला लागलं.

"विठूदादा, कायदा आपल्या बाजूचा आहे," जोसेफ वकील म्हणाले. बापाच्या वेळेपासून कोळीवाड्यातलं पापलेट खाल्लेला माणूस, बोलायला मऊ. "जाळं टाकलेल्या होडीला जहाजानंच वाट द्यायची. नजर ठेवणं त्याचं काम."

"मंग झालं तर," कुमुद म्हणाली.

"थांबा ताई. होडीनंही आपली खूण दाखवायची असते. वर तांबडा दिवा, खाली पांढरा. म्हणजे लांबून कळतं, इथं जाळं आहे."

"व्हते ना दिवे!" विठू म्हणाला. "दोनीबी पेटलेले."

वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"जहाजवाले म्हणतात, आम्हाला दिव्यांची माळच दिसली. लाल, हिरवी, निळी, लुकलुकणारी. त्यात तुमचे दोन दिवे हरवले. त्यांना वाटलं, काठावरचा मांडव असेल."



माळ होती. पुनवेला होडी नटवतात तशी नटवलेली. पनवेलच्या बाजारातनं कुमुदच घेऊन आली होती, चायनाची. स्वतः डोलकाठीला गुंडाळली आणि आनंदाला म्हणाली, "बग, नवरीवानी दिसते." दर्यावर निघताना विठू ती सोडायला लागला, तर ही धक्क्यावरनं ओरडली, "दादूस, पयल्या म्हावऱ्याआदी होडीचा साज उतरवतंस? अपशकुन करतंस काय रं!" पहिली मासळी लागेस्तोवर साज उतरवायचा नाही, ही विठूच्या आईच्या वेळेपासनंची रीत. विठूनं हात मागं घेतला. आनंदा हसला होता, "तुमच्या बहिनीपुडं तांडेलपन चालत नाय बगा."

"पन मी काय म्हनते," कुमुद पुढं सरकली, "माळ दिसली म्हंजे होडी दिसलीच ना त्यांना? मंग थांबला का नाय मेला? मांडवात घुसतात काय जहाज घेऊन?"

"अगदी हाच प्रश्न मी विचारणार आहे, ताई. पण ते निम्मा दोष आपल्यावर ढकलणार. दुसरं असं, जहाज माल उतरवून गेलं. कप्तान परमुलखातला. तो कोर्टात उभा राहील की नाही, देव जाणे." त्यांनी पेन उचललं. "मला एवढं सांगा, ती माळ कुणी बांधली?"

कुमुदचं तोंड उघडलं.

"मी," विठू तिच्याआधी बोलला. "मीच बांदली. मला हौस."

"दादूस..."

"तू गप."

वकिलांनी दोघांकडं पाहिलं. त्यांना समजलं असावं. हळूच म्हणाले, "तसा फरक नाही पडत हो. कुणीही बांधली तरी होडीवर तांडेलाचाच हुकूम. काढायची जबाबदारी तुमचीच."

म्हणजे विठूनं खोटं बोलूनही काही अडवलं नव्हतं. कायद्याला कुमुद नकोच होती, त्याला तांडेल हवा होता. कुमुदला दोषी धरायला कुमुदच बसली होती.

बाहेर ऊन रणरणत होतं. रिक्षावाले "स्टेशन, स्टेशन" करत अंगावर येत होते. कुमुद भिंतीला टेकून उभी राहिली.

"दादूस, मी वरडले नसते तर तू काडली असतीस ना?"

हो म्हणावं तर बहीण जागच्या जागी जाते. नाही म्हणावं तर ती कोळ्याची पोर, धक्क्यावर तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलेलं, गाठ अर्धी सुटली होती.

"नाय गो बाय," तो म्हणाला. "मी नुसती सारकी करीत व्हतो. सैल झाल्ती."

उरणची एस्टी लागली तशी कुमुद चढली आणि एकट्याच्या सीटवर जाऊन बसली. विठू दांडीला धरून तिच्यामागं उभा राहिला, सगळी गाडी रिकामी असताना.