बादूसरांचं तिसरं पत्र

“नम्र, आज्ञाधारक, मोठ्यांचा मान राखणारी...” बादूसर सांगत होते. माझी बोटं थांबली.

“काय झालं, अफ्रिये?”

“सर, हे सेरवाच्या नोकरीचं पत्र आहे की लग्नाचं?”

सर हसले नाहीत. कुमासीतल्या आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी एकोणीस वर्षं टायपिस्ट आहे, एवढं बोलायचा हक्क मला आहेच. सेरवाने सरांच्याच हाताखाली डॉक्टरेट केली. आता तिला पुढच्या संशोधनासाठी परदेशी विद्यापीठात जागा हवी होती. दोन नकार आले होते. हा तिसरा अर्ज नेदरलँड्सचा. सरांचं शिफारसपत्र आज पाचपर्यंत पोचलं नाही तर तोही बुडाला. डॉक्टरेटला चार वर्षं उलटली की तिकडे कोणी दारात उभं करत नाही, आणि तिचं चौथं संपत आलं होतं.

“आपल्याकडे माणसाचं वळण आधी सांगतात,” सर म्हणाले.

“आपल्याकडे! तिकडे वळणाला कोण विचारतंय? मागची दोन्ही पत्रं मीच टाइप केली ना. तिच्या कामाबद्दल अवाक्षर नाही त्यांत.”

गोदामात कोनफळं का सडतात, ते शोधायला ही पोरगी गावोगाव हिंडली. चाळीस जाती तपासल्या आणि त्यातल्या तीन जातींना ती बुरशी लागतच नाही, हे दाखवून दिलं. बाजारातल्या बायका तिला नावाने हाक मारतात. आणि पत्रात काय, तर दर रविवारी चर्चला जाते! मी मुकाट्याने टाइप केलं होतं, त्याची मला लाज वाटत होती.

“सेरवाच्या आधीचा तुमचा विद्यार्थी अंपोन्सा, त्याच्या पत्रात दोन पानं नुसतं संशोधन होतं,” मी म्हटलं. “तो आज कॅनडात आहे.”

सर खिडकीशी गेले. समोरच्या वर्गात सेरवा शिकवत होती. तास सरांचाच. गुडघे धरल्यापासून त्यांचे सगळे तास तीच घ्यायची.

“अंपोन्सा गेला तेव्हा सेरवा होती,” सर हळूच म्हणाले. “ही गेल्यावर कोण आहे?”

“कोणी नाही, सर.”

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण ते येऊन बसले.

“खोड सगळं. ‘नम्र’ तेवढं राहू दे. ती आहेच तशी.”

मग पाऊण तास सांगत राहिले. चाळीस जातींची नावं त्यांना तोंडपाठ होती. शेवटी म्हणाले, “तीस वर्षांत असा विद्यार्थी मी पाहिला नाही. मी स्वतःही एवढा हुशार नव्हतो.” पावणेपाचला पत्र गेलं.

सेरवाला जागा मिळाली. जाण्याआधी सरांनी तिला घरी बोलावून फुफू खाऊ घातलं, आणि थंडीचे कपडे घेतलेस का, असं चार वेळा विचारलं.

ती गेली त्या शुक्रवारी सर माझ्या टेबलाशी आले.

“सोमवारपासून तास मी घेतो. मुलांचं कुठवर झालंय गं?”

“मला काय ठाऊक? सेरवाला विचारायचं होतं ना.”

“राहिलं,” ते म्हणाले. “जा, एखाद्या मुलीची वही मागून आण.”

मी वही आणून दिली. सरांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले.