तोरणाबाहेरचा वळू

पोळ्याच्या दिवशी शेजारच्या भूपेंद्रनं साऱ्या गावासमोर ओरडून माह्या गवळाऊ जातीच्या वळूले तोरणाखालून हाकललं. त्यानंच आपल्या गाई माह्या वळूकडं आणल्या होत्या. त्या गाभडल्या, वासरं दिवस भरायच्या आधीच पडली, तर म्हणे रोग वळूनं लावला.

आष्टीची जनावरांची डॉक्टर चारुता हिनं दोघांच्या गोठ्यांतून नमुने नेले. आज ती भूपेंद्रच्या अंगणात बसून आम्हा दोघांले सांगत होती, "हा विषाणू माणसाच्या नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद. याच्या जनुकांची लांब साखळी जुळवून पाहिली. रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तसे तिच्यात बदल वाढत जातात. तुमच्या विकत आणलेल्या जर्सीत मूळ साखळी आहे. बाकीच्या गाईंत तिच्यात एक बदल झाला. वळूत तोच बदल आहे, वर आणखी एक."

"म्हंजे याच्याच गाईनं माह्या वळूले रोग देल्ला?"

"हो. आता तो विषाणू जन्मभर वळूच्या अंगात दडून राहील."

भूपेंद्र खाली पाहत बोलला, "अनुसयाबाई, पुढच्या पोळ्यात पयला मान तुमच्या वळूचा."

मी उठली. "रोगी वळू मी गावच्या जनावरांत आणत नाई. तोरणाखाली तूच उभा राह्यजो, अन् कोणी कोणाले रोग लावला ते तितक्याच मोठ्यानं सांगजो."