पैलवानाची पोटरी

मी पोटरी बोलतेय. नऊ वर्षांच्या सुयशची, उजव्या पायाची. डाव्या पायात माझी जुळी बहीण आहे, पण मार जास्त मी खाल्लाय.

सुयश पाच वर्षांचा झाला तशी मी भरू लागले. गोल, टणक. त्याचे वडील भिकन अंबडच्या कारखान्यात लोखंड ठोकतात. ते माझ्यावर थाप मारून शेजाऱ्यांना सांगायचे, की पैलवान जन्माला आलाय. तरुणपणी आखाड्यात हरलेल्या त्या माणसाला मी देवाचा प्रसादच वाटले. दृष्ट लागू नये म्हणून माझ्याखाली काळा दोरा बांधला गेला.

पण ती ताकद नव्हती हो. माझे धागे जन्मापासून कच्चे. ओढ बसली की तुटायचे आणि तुटल्या जागी चरबी भरायची.

आठव्या वर्षी सुयश सारखा पडू लागला. उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर यायचा. वर्गातली पोरं त्याला आजोबा म्हणायची. एवढी पोटरी असून उठता येत नाही म्हणजे आळस, असं भिकनने ठरवलं. बैठका सुरू झाल्या. थांबला की कमरेचा पट्टा निघायचा आणि नेमका माझ्यावर बसायचा.

आत काय व्हायचं, सांगते. प्रत्येक बैठकीला माझ्या पेशींचं आवरण फाटायचं. ज्या प्राणवायूवर मी जगते, त्याच्याच ठिणग्या उडायच्या आणि शाबूत धागेही जाळायच्या. त्या विझवायला शरीर पुरं पडायचं नाही. बाहेर पट्टा, आत जाळ.

एका रविवारी भिकनने त्याला पांडवलेणीच्या डोंगरावर नेलं. तो कसाबसा चढला. उतरताना मात्र प्रत्येक पायरीचा हिसका मला चिरत गेला आणि माझा जोर सुटला. सुयश गडगडला. ओठ फुटला, दातांत रक्त आलं. भिकनने उठ म्हटलं, तो उठेना. मग बुटाची लाथ आली, माझ्या मधोमध. मग दुसरी.

"पप्पा, पाय ऐकत नाय माझं."

"पाय ऐकत नाय का तू?" म्हणत त्यांनी तिसरी घातली.

संध्याकाळी सुयशला कोऱ्या चहासारखी काळपट लघवी झाली; माझ्या तुटलेल्या धाग्यांचाच तो रंग. आई दीपमालाने त्याला उचलून रिक्षात घातलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाचा, स्नायू झिजवणारा जन्मजात आजार आहे. औषधाने वेग मंदावेल, पण बरा होणार नाही.

"माझ्या मारानं झालं का?" भिकनने विचारलं.

"आजार त्यानं नाही झाला. पण मारानं आणि बैठकांनी जे तुटलं, ते परत येणार नाही."

बाहेर येऊन भिकन भिंतीवर मुठी आपटू लागले. सालटं निघाली, रक्त आलं. दीपमालाने मनगट धरलं. "आता भिंतीला मारता व्हय? हात इकडं आणा. त्याचा पाय कसा ताणायचा ते आत शिकवत्यात. चला शिकायला."

आता सुयश घरात भिंत धरून चालतो, शाळेत चाकांच्या खुर्चीतून जातो. मी रोज थोडी थोडी विझतेय. तुमचं लेकरू वारंवार पडत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरला दाखवा. एवढंच मागते.

रोज सकाळी भिकन माझ्याजवळ बसतात. त्यांचा हात पुढे आला की मी अजून दगडासारखी आवळते. म्हणून ते आधी विचारतात, "हात लावू का रे?"

सुयश कधी हो म्हणतो. कधी नाही म्हणतो, आणि तेव्हा ते हात स्वतःच्या मांडीवर ठेवून तसेच बसून राहतात.