चौकातला फ्लेक्स

आईच्या तेराव्याचं सामान आणायला मी वडिलांना, नानांना घेऊन पहूरच्या स्टँडजवळच्या चौकात गेले आणि समोरचा फ्लेक्स बघतच राहिले. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली माझा भाऊ तेजस! गॉगल लावून, हाताची घडी घालून, दात काढून हसणारा, पार दुकानाच्या पत्र्यापर्यंत पोचलेला. आणि आई? कोपऱ्यात, टिकलीएवढी.

माझं टाळकं फिरलं. तशीच फ्लेक्सवाल्याच्या दुकानात घुसले. “लाज नाही वाटत? मेलंय कोण आणि फोटो कोणाचा?”

“ताई, माझ्यावर कशाला चिडता? काल तेजसभाऊंनीच करून घेतला. आणि तुमच्या नानांनी तर तेजसभाऊंच्या पहिल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सलाच सांगून ठेवलंय, मजकूर काहीही असो, पोरगा मधोमध आणि सगळ्यात मोठा पाहिजे.”

मी बाहेर आले. नाना फ्लेक्सखाली उभे राहून डोळे पुसत होते. वाटलं, आता तरी पोराच्या कानाखाली जाळ काढतील.

गॉगलमधल्या त्या हसऱ्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, “आईपाठी किती सुकलं गं माझं पोरगं!”