बाहेरचा रेडिएटर

चेन्नईत गिंडीच्या पुलावर गाडी तापली. बॉनेटमधून वाफा निघाल्या, माझ्या बायकोने, चारुलताने, तिथेच इंजिन बंद केलं आणि मागच्या बसवाल्याने तमिळमधून तिचा उद्धार केला. त्या दिवसापासून तिने किल्लीला हात लावला नाही. मला गाडी येत नाही. शिकायचं धाडसच झालं नाही. बँकेच्या बदलीवर अकोल्याहून इथे आलो, तेव्हापासून चालवायची ती आणि शेजारी बसायचो मी.

"विकून टाकू," ती म्हणाली. "माझं वय झालं आता."

गाडीचं मला विशेष नव्हतं. पण ती दुपारभर गॅलरीत नुसती बसून राहायची, ते बघवेना.

गाडी दत्ताजींच्या गॅरेजात होती. ते तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या इकडेच राहिल्यामुळे त्यांच्या बोलण्याला तमिळची चाल. "मला तिथलं काही कळणार नाही," असं म्हणून मी चारुलताला बळेच सोबत नेलं. ते खोटंही नव्हतं.

दत्ताजींनी काढलेला रेडिएटर दाखवला. आत पांढरा थर, खालची जाळी कुजलेली.

"अक्का, यात बोअरचं पाणी घालत होता काय?"

"मग काय घालणार? टँकर-लॉरीचं गोडं पाणी यंदा प्यायलाच पुरत नाही."

"अय्यो! बोअरचं सगळं खारं. अर्धं चेन्नई हेच करतंय. तुम्ही लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं."

ती पदर खोचून पुढे झाली.

कंपनीचा रेडिएटर लवकर मिळणार नव्हता. दत्ताजींनी दुसऱ्या बनावटीचा आणून ठेवला. "बाहेरचा आहे सार, पण डुप्लिकेट नव्हे."

मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. वाचल्याने शंका वाढल्याच. चारुलताने मात्र जुना शेजारी ठेवून नळ्यांची तोंडं, पट्ट्या, जाळीची जाडी ताडून पाहिली. मग माझ्याकडे वळली.

"तुम्हाला काय वाटतं?"

'मला काय कळतंय' हे अगदी ओठांवर आलं होतं.

"बसवू या," मी म्हणालो. "पण तू चालवणार असशील तर. विकायचीच असेल, तर घेणारा बघेल त्याचं."

"सार बोलतात की!" दत्ताजी हसले.

"वर्षाकाठी एकदा," चारुलता म्हणाली. मग दत्ताजींकडे वळून, "बसवा."

रेडिएटर बसला, या वेळी पाण्याऐवजी कूलंट भरलं. इंजिन चालू ठेवून आम्ही तिघं आत डोकावत उभे राहिलो. थोड्या वेळाने पंखा आपोआप फिरू लागला. कुठे थेंब नव्हता.

"आता एक फेरी मारून या. आल्यावर पुन्हा बघतो."

तिने सीट पुढे ओढली. स्टिअरिंगवर तिची बोटं घट्ट होती. कारखान्यांच्या भिंतींच्या कडेने आम्ही हळूहळू गेलो. गॅरेजकडे वळायचा कोपरा आला आणि मागे पडला.

"अगं, दत्ताजी वाट बघत असतील."

"फेरीच म्हणाले ना? जरा मोठी मारू," ती म्हणाली आणि अड्यारच्या रस्त्याला लागून तिने तिसरा गिअर टाकला.