जागेवर पाणी

शिवणबाईंनी त्या सकाळी शर्टाची सात काजं केली. आठव्याला मुलाने त्यांच्या हातातून सुई काढून घेतली.

"बस झालं, आई. आजपासून काही करायचं नाही. पडून राहायचं."

"अरे, एवढं काज तरी होऊ दे."

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. आतड्यात कॅन्सरची गाठ होती आणि चार आठवड्यांनी ऑपरेशन ठरलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शरीराला ते झेपावं म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरने, शिवणबाई बाहेर बसल्या असताना, मुला-सुनेला एक कागद समजावून दिला होता. रोज दोनदा चालायचं, खुर्चीतून दहा वेळा उठायचं-बसायचं, दीर्घ श्वास घ्यायचे, दूध, अंडी, डाळ पोटभर खायची. मुलाने तो कागद घडी करून खिशात घातला. आईला "साधी गाठ" एवढंच सांगितलं.

मुलगा दुष्ट नव्हता. आईने शिवणाचे वर्ग घेऊन त्याला वाढवलं होतं. आता आजारी आईला अंगणात फेऱ्या मारताना पाहिलं तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्याला मनापासून वाटे. म्हणून त्याने मागच्या खोलीत पलंग टाकला. जागेवर जेवण, जागेवर पाणी. "पचायला हलकं" म्हणून पातळ सूप. पडदेही ओढलेले, कारण उजेडाने म्हणे झोपमोड होते.

पहिल्या आठवड्यात शिवणबाई कुरकुरल्या. "मला काय लोणच्यासारखं मुरत घातलंय का रे?" दुसऱ्या आठवड्यात चेष्टा थांबली. तिसऱ्यात पलंगावरून उठताना त्यांनी सुनेचा दंड धरला, आणि ती पकड किती हलकी आहे हे सुनेला जाणवलं. सिस्टरचं बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"अहो, आईंना जरा चालवूया का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पडली म्हणजे? तू जबाबदारी घेतेस?"

ती गप्प बसली.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सिस्टरने शिवणबाईंना खुर्चीतून उठायला सांगितलं. हात न टेकता. त्यांनी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा गुडघे थरथरले आणि त्या मागे कोसळल्या.

"महिन्यापूर्वी या जिना चढून वर आल्या होत्या," सिस्टर म्हणाली. "काय केलंत तुम्ही यांचं?"

डॉक्टरांनी ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं. मुलगा भडकला. "आणि तोवर कॅन्सर वाढला म्हणजे?"

शिवणबाईंनी मान वर केली.

"कोणाला कॅन्सर?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे. मग त्या म्हणाल्या, "माझ्या पोटातली गाठ, अख्ख्या घराला ठाऊक, आणि मला नाही? अरे, मला विचारायचं तरी होतंस. मी पहिल्या दिवसापासून चालले असते."

घरी आल्यावर त्यांनी स्वतः पडदे सारले. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून त्या खिडकीपासून दारापर्यंत चालायच्या, धाप लागली की थांबून श्वास मोजायच्या. दूध प्यायच्या, अंडं खायच्या. अकराव्या दिवशी हात न टेकता चार वेळा उठल्या.

बाराव्या दिवशी पोट दगडासारखं झालं. गाठीने आतडं बंद केलं होतं. आता थांबायला सवडच नव्हती. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण खोकून कफ बाहेर टाकण्याइतकी ताकद त्या छातीत उरली नव्हती. पाचव्या दिवशी शिवणबाई गेल्या.

भेटायला माणसं आली. शेजारी मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सेवा करावी तर तुमच्यासारखी. आईला जागेवरून हलू दिलं नाहीत. आमच्या बाबांचंही ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. आम्हीही त्यांना पलंगावरून उतरू देत नाही."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्यांना उठवा," तो कसाबसा म्हणाला. "मी सेवा नाही केली. मी तिची ताकद काढून घेतली."

"असं मनाला लावून घेऊ नका हो. म्हातारं माणूस, चालायचंच."

"बाबांना माहीत आहे का, काय झालंय ते?" सुनेने विचारलं.

शेजाऱ्याने नजर चुकवली. "त्यांना कशाला उगाच... बघू, सांगू नंतर."

"नंतर नाही," ती म्हणाली. एकदा गप्प बसल्याची किंमत तिला कळली होती. तिने चपला पायांत सरकवल्या आणि शेजाऱ्याच्या आधी त्याच्या घराकडे चालू लागली.