मडिवाळप्पांची कॉपी

लॅबमध्ये सिद्धेश्वरीची एक खोड होती. यंत्र काहीही म्हणो, माणसाला विचारल्याशिवाय ती रिपोर्टवर सही करत नसे. होटगीच्या मडिवाळप्पांच्या रक्ताची रेघ यंत्रावर भराभर वर चढली. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसून तीनच महिने झालेले. रक्त गोठू नये म्हणून रोज गोळी चालू होती आणि इथे नळीत रसायन पडताच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी एकमेकींना अशा चिकटल्या, की गोळी पोटात गेलीच नव्हती म्हणावं. तिने पुन्हा करून पाहिलं. रेघ तीच.

असा रिपोर्ट गेला की डॉक्टर कडक गोळी लिहिणार. सत्तरीच्या माणसाला ती सोसली तर बरं, नाहीतर रक्तस्राव. ती बाहेर आली.

बाकावर मडिवाळप्पा बसले होते. त्यांच्या पत्नी, दाक्षायणीबाई, धपाट्यांचा डबा सोडत होत्या.

"काका, गोळी रोज घेताय ना?"

"रोज सकाळी मीच हातावर ठेवते की," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

मडिवाळप्पांनी मोठ्या ऐटीत खिशातून कागदाची पुडी काढली. आत पाच गोळ्या.

"तपासणी हाय म्हनल्यावर पाच दिस एक बी खाल्ली न्हाय. चौतीस वर्सं रेल्वेत गँगमन हुतो, ताई. रूळ तपासायचा तर उघडा पायजे. गोळी खाऊन तपासणीला बसायचं म्हंजे कॉपी करून पास व्हायचं की."

सिद्धेश्वरीला हसू आलं आणि भीतीही वाटली. "काका, तुमची परीक्षा नव्हती हो. आम्ही गोळीची परीक्षा घेत होतो. अशी मध्येच बंद केली तर स्टेंट तुंबतो."

दाक्षायणीबाईंचा हात डब्यावरच राहिला. "पाच दिस मी गोळी दिली," त्या हळूच म्हणाल्या, "आन देवापुढं निवांत बसले." त्यांचे डोळे भरून आले. मडिवाळप्पांची ऐट तिथेच उतरली.

डॉक्टरांनी फोनवर ऐकून घेतलं. आत्ताच गोळी द्या, दहा दिवसांनी पुन्हा तपासू, म्हणाले.

दहा दिवसांनी रेघ जमिनीलगत सरपटली. जुनीच गोळी चांगली लागू पडत होती. सिद्धेश्वरीने खुशीत सही ठोकली.

"पास झालात, काका."

"कॉपी करून," मडिवाळप्पा कुरकुरले.

दाक्षायणीबाईंनी त्या दिवसाची गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "तोंड उघडा."

घरात ज्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता, त्या मडिवाळप्पांनी बाकावरच्या सगळ्यांदेखत मुकाट्याने आ केला. बाईंनी जीभ उचलायला लावली, आत नीट पाहिलं आणि मगच धपाट्यांचा डबा उघडला.